प्रत्येक मुलाच्या हातात पतंग आहे, मग लेक चुकली कुठे?

नाशिकची आई: कालच्या 'हल्लीची मुलं नीट बघतच नाहीत' या पोस्टवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. लेक पाच वर्षांची. शाळेत चित्र बघून वाक्य बरोबर की चूक ते सांगायचं होतं. चित्रात तीन मुलं, तिघांच्या हातात पतंग, चौथा पतंग झाडाला अडकलेला. वाक्य: 'प्रत्येक मुलाच्या हातात पतंग आहे.' तिने फुली मारली. का गं, विचारलं, तर झाडावरच्या पतंगावर बोट ठेवून म्हणाली, "मग हा कुणाचा?" बाईंचा शेरा: 'लक्ष नाही.' अहो, तिने तर चौथा पतंगही पाहिला! या वयात मुलं असं करतात हे पियाजे आणि इनहेल्डर या बालमानसशास्त्रज्ञांनी कधीच नोंदवलंय.

सांगलीकर: ताई, राग समजतो. पण वाक्य मुलांबद्दल आहे, पतंगांबद्दल नाही. खरं ते खरं. 'प्रत्येक' आत्ता कळला नाही तर पुढे गणितात रडायची वेळ येते. माझ्या पुतण्याचं तेच झालं.

बालवाडी शिक्षिका: प्रश्नच अधांतरी आहे हो. एखाद्याला पतंग मिळणारच नाही असं वाटायला लावणारी गोष्ट आधी सांगा, मग विचारा. भाषाशास्त्रज्ञ क्रेन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली हेच दाखवलं, मुलं मोठ्यांसारखीच उत्तरं देतात. आणि मोठ्यांचं काय? 'काही जिराफांची मान लांब असते' याला बरीच मोठी माणसं चूक म्हणतात, कारण सगळ्याच जिराफांची असते; बहुतेक मुलं मात्र बरोबर म्हणतात, कारण सगळ्यांची असली तर काहींची असतेच. नोव्हेक या संशोधकाचा २००१ चा प्रयोग. तर्काने बरोबर कोण, सांगा.

डोंबिवलीकर: ते सोडा, आमच्याकडे 'वर'ने घोळ घातला. टेबल, त्याच्यावर छताला टांगलेला दिवा. 'दिवा टेबलावर आहे.' मुलाने बरोबर म्हटलं, गुण कापले.

सांगलीकर: कापणारच! टेबलावर म्हणजे टेकलेला. टांगलेला तो टेबलाच्या वर.

डोंबिवलीकर: मग 'डोक्यावर पंखा फिरतोय' म्हणता तेव्हा पंखा डोक्याला टेकलेला असतो का?

सांगलीकर: तिथे फिरतोय म्हटल्यावर कळतं. उगाच शब्दांत पकडू नका.

डोंबिवलीकर: पकडत नाही. सहा वर्षांचं पोर रात्री रडत होतं, 'बाबा, दिवा वरच आहे ना?' म्हणून. तुम्हाला तो नियम वाटतो, मला त्याचा चेहरा दिसतो.

नाशिकची आई: माझा पतंग राहिला बाजूला!

सांगलीकर: बरं, 'वर'चं मान्य. चित्रात दिवा टेकलेला काढायला हवा होता. 'प्रत्येक'चं मात्र नाही. पण शेरा मारण्याआधी बाईंनी मुलीला कारण विचारायला हवं होतं, एवढं म्हणतो.