इराणी ब्लॉगांनी नेमकं साधलं काय?

खिडकीपाशी
परवा एका लग्नाच्या पंगतीत भाचा म्हणाला, "मामा, ब्लॉग म्हणजे रेसिप्या आणि हॉटेलांची परीक्षणंच ना?" त्याला इराणची गोष्ट सांगत बसलो, पानातली जिलबी गार झाली.

एप्रिल २००० मध्ये तिथे डझनाहून जास्त सुधारणावादी वर्तमानपत्रांना काही दिवसांत टाळं लागलं. लिहिणारे होते, छापणारा कुणी उरला नाही. सप्टेंबर २००१ मध्ये सलमान जरीरीने फारसीतला पहिला ब्लॉग काढला. दोन महिन्यांनी टोरंटोत राहणाऱ्या हुसेन देरखशानने युनिकोड (सगळ्या भाषांची अक्षरं संगणकाला कळावीत म्हणून ठरवलेली एकच पद्धत) वापरून फारसीत ब्लॉग कसा काढायचा ते एकेक पायरी सांगत लिहून टाकलं. मग हजारोंनी काढले. त्या दुनियेला 'वेबलॉगिस्तान' असं नावच पडलं.

राजकारण ठेवा बाजूला. बायका टोपणनावाने नवऱ्यावर, प्रेमावर, रोजच्या कंटाळ्यावर लिहायला लागल्या, हे मला जास्त मोठं वाटतं. घरातलं चव्हाट्यावर आणायचं नाही, हा संस्कार तिथे आपल्याहून कडक.

डोंबिवलीकर
लेख छान, पण किंमत कुणी मोजली तेही लिहा की. ओमिदरेझा मीरसय्याफी हा ब्लॉगर मार्च २००९ मध्ये तेहरानच्या एविन तुरुंगात मेला. सत्तार बेहेश्ती हा साधा कामगार, ब्लॉग लिहायचा. २०१२ मध्ये अटक झाली आणि काही दिवसांतच कोठडीत मेला. आणि हो, तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद, त्यानेही २००६ मध्ये स्वतःचा ब्लॉग काढला होता. लिहायची सोय ब्लॉगरांना आणि सरकारला, दोघांनाही झाली, तुरुंगाच्या किल्ल्या मात्र सरकारकडेच!

सायली_क
माझा प्रश्न वेगळा आहे. वाचत कोण होतं? क्युबाची योआनी सांचेझ घ्या. २००७ पासून लिहायची. घरी इंटरनेट नाही, म्हणून पर्यटक असल्याचं भासवत हवानातल्या हॉटेलांत शिरायची. तिचं लिखाण परदेशात गाजलं, स्पेनमध्ये पुरस्कार मिळाला, पण २००८ पासून क्युबातच ते उघडेना. मग समाज कुठला बदलला, त्यांचा की स्पेनचा?

खिडकीपाशी
सायलीताई, तिथले लोक पेन ड्राइव्हवर कॉपी करून एकमेकांना द्यायचेच की. आपल्याकडे दिवाळी अंक कसे घरोघर फिरतात?

आणि आपल्या भाषेत सहज लिहिता येणं ही काय चीज असते ते आपल्याला तरी कळायला हवं. विंडोज ९८ वर मराठी युनिकोड म्हणजे नुसते चौकोन. नशीब असलं तर अक्षरं दिसायची, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. 'किती' वाचताना मान वाकडी. प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट निराळा. त्यात बरहा हे मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर मिळालं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत उगाच स्वतःचं नाव टाइप करत बसलो होतो.

डोंबिवलीकर
फाँटचं शंभर टक्के मान्य, मीही त्याच चौकोनांतला. पण जुलै २००६ आठवतोय का? लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि इंटरनेट कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट ही ब्लॉग काढायची अख्खी साइटच बंद केली. स्वतःचाच ब्लॉग उघडेना म्हणून आपण काही दिवस कुरकुरलो. आपलं दुखणं तेवढंच. तेहरानशी तुलना नको.

सायली_क
+१. बाय द वे, त्या देरखशानचं पुढे काय झालं?

डोंबिवलीकर
२००८ मध्ये तेहरानला परतला आणि पकडला गेला. शेवटी शेवटी तर तो सरकारचीच बाजू घेत होता, तरीही साडेएकोणीस वर्षांची शिक्षा! २०१४ मध्ये माफी मिळून सुटला. बाहेर येऊन बघतो तर लोक ब्लॉग सोडून फेसबुकवर. त्याच्या लिखाणाला पूर्वी हजारो वाचक असायचे, आता मोजके लाइक. यावर त्याने २०१५ मध्ये मोठा लेखही लिहिला. खिडकीपाशी, भाच्याला हे सांगितलंत का?

खिडकीपाशी
नाही हो. मी युनिकोडपर्यंत पोचलो तोवर तो आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभा होता.