२०२०चं विजेतेपद: रिचमंडच्या नावापुढे चांदणी हवी का?

पंट रोडचा वाघ:

आमच्या कामाच्या ठिकाणी कँटीनमध्ये एक पांढरा फळा आहे. फुटीचा मोसम आला की ज्याचा जो क्लब, त्याची विजेतेपदाची वर्षं त्यावर लिहायची. उद्देश एकच, समोरच्याला डिवचणं. माझ्या रिचमंडपुढे १३ वर्षं आहेत. गेल्या सोमवारी कुणीतरी २०२०च्या डोक्यावर लाल मार्करने चांदणी काढून ठेवली. म्हणजे काय, तर "अटी लागू". मी पुसली. मंगळवारी परत हजर.

ज्यांना फुटी माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. क्रिकेटचंच मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूला १८ जण, टोकाला चार खांब. मधल्या दोघांतून लाथाडला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १.

आता त्या वर्षाचं ऐका. १९ मार्च २०२०ला एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, रिचमंड विरुद्ध कार्लटन. एक लाख माणसं मावतात त्या मैदानात, आणि त्या दिवशी कोरोनामुळे प्रेक्षक शून्य. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज टीव्हीवर ऐकू येत होता. तीन दिवसांनी मोसमच बंद. ११ जूनला पुन्हा सुरू झाला तो आमच्याच सामन्याने, कॉलिंगवूडशी ३६-३६ बरोबरी. इतका रटाळ सामना की मी दुसऱ्या सत्रात भांडी घासून आलो. जुलैत मेलबर्नमध्ये दुसरी लाट आली आणि व्हिक्टोरियातल्या दहाच्या दहा क्लबांना राज्य सोडावं लागलं. आमचे लोक क्वीन्सलँडमधल्या गोल्ड कोस्टला गेले ते ऑक्टोबरअखेरपर्यंत तिकडेच.

त्यातून बाद फेरीत पहिला सामना ब्रिस्बेनकडून त्यांच्याच मैदानावर हरले, पण साखळीत पहिल्या चारात असल्याने आणखी एक संधी होती. मग सेंट किल्डाला हरवलं. मग ॲडलेडला जाऊन, साखळीत पहिल्या आलेल्या पोर्ट ॲडलेडला त्यांच्या प्रेक्षकांसमोर ६ गुणांनी. आणि २४ ऑक्टोबरला अंतिम सामन्यात, ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर, गिलाँगविरुद्ध मध्यंतराला १५ गुणांनी मागे असताना शेवटी ८१-५०. डस्टिन मार्टिनचे चार गोल, आणि अंतिम सामन्याच्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक तिसऱ्यांदा, जे आधी कुणालाच जमलं नव्हतं. यातली कुठली अट लागू होते मला सांगा.

आकडेमोड:

चांदणी मी काढली नाही, पण मार्कर मी दिला असता.

तेव्हा एरवी साखळीत २२ सामने असायचे, त्या वर्षी १७ झाले. एक सत्र २० मिनिटांचं असतं (वाया गेलेला वेळ वेगळा), ते १६चं केलं. म्हणजे ८० मिनिटांचा सामना ६४ मिनिटांवर आणला. या खेळात शेवटच्या सत्रात पाय जड झाले की कोण उभं राहतं हीच परीक्षा असते, आणि नेमका तोच भाग कापला. कसोटी चार दिवसांची करा, निकाल लागेल, पण तिला मी कसोटी म्हणणार नाही. रिचमंड वाईट होतं असं माझं म्हणणं अजिबात नाही. २०१७ आणि २०१९ त्यांनी निर्विवाद जिंकलं. पण वेगळ्या मापाने मोजलेलं धान्य त्याच पोत्यात ओतायचं, तर पोत्यावर तसं लिहा एवढंच.

पंट रोडचा वाघ:

मापाचंच बोलताय तर पूर्ण बोला. लीगमध्ये क्लब १८. सामने १७. म्हणजे त्या वर्षी प्रत्येकाने प्रत्येकाशी बरोबर एकदा दोन हात केले. तेव्हा एरवीच्या २२ सामन्यांत पाच प्रतिस्पर्धी दोनदा यायचे, आणि ते कोण असावेत यावर दरवर्षी बोंबाबोंब व्हायची. एखाद्याला दोनदा तळाचा संघ मिळतो, एखाद्याला दोनदा अव्वल. काटा सरळ असलेलं वर्ष कुठलं म्हणाल?

आणि पाय जड होण्याबद्दल: २९ जुलैपासून २० दिवसांत ३३ सामने खेळवले गेले. चार-चार दिवसांच्या अंतराने मैदानात उतरत होते. पाय आणखी किती जड व्हायला हवेत?

गिलाँगकर:

मी हरलेल्या बाजूचा. माझ्या दुःखात कृपया गणित घुसवू नका.

मला चांदणी नको आहे. कारण रिचमंडच्या विजयावर चांदणी लावली तर आमच्या पराभवावरही लागेल, आणि मग मी त्या रात्री जे भोगलं ते काय उगाच? आमच्या दिग्गज गॅरी ॲब्लेटचा शेवटचा सामना होता. पहिल्याच सत्रात खांदा गेला त्याचा, तरी परत आला. मध्यंतराला आम्ही पुढे होतो, मी बायकोला म्हणालो आता चहा टाक. तो चहा तसाच राहिला.

एक गोष्ट मात्र वाघोबांनी सांगितली नाही. एरवी अंतिम सामना एमसीजीवरच होतो, तसा करारच आहे. एमसीजी हे रिचमंडचं घरचं मैदान, त्यांचं सरावाचं मैदान पंट रोड ओव्हल तर अगदी शेजारीच. म्हणजे दरवेळी वऱ्हाड त्यांच्याच दारात. २०२०मध्ये पहिल्यांदाच अंतिम सामना व्हिक्टोरियाबाहेर गेला, त्यांच्या अंगणाबाहेर, आणि तरीही त्यांनी आम्हाला धुतलं. मला तर हे विजेतेपद त्यांच्या २०१७ आणि २०१९च्या विजेतेपदांपेक्षा जास्त टोचतं.

रात्रपाळी:

तुमचं सत्र सोळा मिनिटांचं की वीस यावर चाललंय ते चालू द्या. माझा आक्षेप तो मोसम झालाच यावर आहे.

मी तेव्हा मेलबर्नमध्ये विद्यार्थी व्हिसावर होते, रात्री वृद्धाश्रमात काम करायचे. पगारी मदतीची सरकारी योजना आली, ती तात्पुरत्या व्हिसावाल्यांना नव्हती. पंतप्रधान मॉरिसन यांनी एप्रिलमध्ये आम्हाला जाहीरपणे सांगितलं की ज्यांना झेपत नाही त्यांनी मायदेशी जावं. ऑगस्टमध्ये घरापासून ५ किलोमीटरची हद्द, दिवसाला एक तास व्यायाम, रात्री ८ नंतर संचारबंदी. मला कामाचं परवानापत्र खिशात ठेवून फिरावं लागे. त्या लाटेत व्हिक्टोरियात जवळपास ८०० माणसं गेली, त्यातली बहुतेक वृद्धाश्रमांतली. माझी आजी त्याच सप्टेंबरात पुण्यात गेली. गेले असते तर परत येता आलं नसतं, म्हणून फोनवर पाहिलं.

क्वीन्सलँडची हद्द तेव्हा सामान्य माणसाला बंद होती. जवळच्या माणसाच्या अंत्यविधीला जाऊ न दिल्याच्या बातम्या रोज येत होत्या. आणि फुटीचे खेळाडू, त्यांची कुटुंबं, लीगचे अधिकारी हे विमानाने जाऊन रिसॉर्टमध्ये विलगीकरणात, पोहण्याच्या तलावाकाठी. वर तुमच्या रिचमंडचेच दोन तरुण खेळाडू सप्टेंबरमध्ये नियम मोडून रात्री बाहेर पडले आणि पहाटे कबाबच्या दुकानाबाहेर मारामारीत सापडले. दोघांना १० सामन्यांची बंदी, क्लबला एक लाख डॉलर दंड. मी मास्कची पट्टी नीट नाही म्हणून रस्त्यावर हटकली गेले होते.

चांदणी कसली काढता, अख्खं वर्षच खोडा.

साताऱ्याची शेंग:

मी इथे साताऱ्यात बसून वाचतोय, फुटी आयुष्यात पाहिली नाही. पण त्याच वर्षी आपल्याकडे आषाढीच्या पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. मोजकी माणसं, पायी वारी नाही. तरी कुणी म्हटलं नाही की त्या वर्षीची वारी धरू नका. खंड पडू नये म्हणून जेवढं जमलं तेवढं केलं. या लोकांचंही तसंच झालं असावं असं मला वाटतं.

रात्रपाळी:

शेंगदादा, उदाहरण चांगलं आहे, पण पादुका पहाटे कबाबच्या दुकानाबाहेर मारामारी करत नाहीत.

गिलाँगकर:

हसून खुर्चीवरून पडलो. पण शेंगदादांची गंमत अशी की एमसीजीवरच्या मातीसकट गवताचा एक तुकडा खरोखरच गाडीत घालून गॅबावर नेला होता, अंतिम सामन्यासाठी. जवळपास १,७०० किलोमीटर. त्याला पादुका म्हणायला माझी हरकत नाही.

पंट रोडचा वाघ:

रात्रपाळी, तुमच्या म्हणण्याला माझ्याकडे सडेतोड उत्तर नाही. त्या दोघांचं मी समर्थन करणार नाही, तेव्हाही मला शरम वाटली होती. पैशासाठी मोसम केला हे उघड आहे. टीव्हीचे हक्क बुडाले असते तर काही क्लबच बंद पडले असते. लीगचे आणि क्लबांचे बहुतेक कर्मचारी मार्चमध्येच घरी बसवले होते, खेळाडूंचा पगार अर्ध्यावर आणला होता.

पण "खोडा" म्हणता तेव्हा मी अडतो. मी तेव्हा घरातच होतो, तुमच्यासारखं बाहेर जाऊन कुणाची सेवा केली नाही. मुलगा बारावीला, बायको स्वयंपाकघरात लॅपटॉप लावून, मी गराजमध्ये. तिघं दिवसभर एकमेकांना चुकवत होतो. आठवड्यातून एकदा दोन तास आम्ही एका सोफ्यावर बसायचो ते फुटीमुळे. एवढंच. यावरून तुमच्या आजीचं वजन कमी होत नाही, मला कळतं.

आकडेमोड:

हे ठीक आहे, पण सोफ्यावर बसल्याने विजेतेपद सिद्ध होत नाही. धागा चांदणीचा आहे.

पंट रोडचा वाघ:

मग चांदणीचंच घ्या. १९१६. पहिलं महायुद्ध, लीगमध्ये फक्त चार क्लब उतरले: कार्लटन, कॉलिंगवूड, फिट्झरॉय आणि आम्ही. साखळीत फिट्झरॉय तळाला. पण संघच चार म्हटल्यावर चारही बाद फेरीत! आणि फिट्झरॉयने विजेतेपद मारलं. एकाच वर्षी शेवटचेही तेच आणि पहिलेही तेच. त्या १९१६वर कुणी चांदणी काढलेली मी पाहिली नाही. १९१९ला स्पॅनिश फ्लू होता, कॉलिंगवूडने आम्हाला अंतिम सामन्यात हरवलं, ते कुठलेही कॉलिंगवूडवाले तोऱ्यात सांगतात. सवलत फक्त जुन्या लोकांना का?

जांभळी:

पर्थहून, फ्रीमँटलची. इतका वेळ गप्प होते.

त्याच २०२०मध्ये महिलांची लीगही चालू होती, कुणाच्या लक्षात आहे? आमच्या मुलींनी साखळीतले सहाच्या सहा सामने जिंकले. बाद फेरीचा पहिला सामना २१ मार्चला, गोल्ड कोस्टला ७० गुणांनी लोळवलं. दुसऱ्या दिवशी लीग बंद, आणि निर्णय आला की यंदा विजेता कुणीच नाही. पुरुषांच्या मोसमासाठी विमानं, रिसॉर्ट, बँकेचं कर्ज, दोन-दोन राज्यांच्या सरकारांशी बोलणी, सगळं झालं. महिलांचे उरलेले तीन सामने जूननंतर कुठेतरी उरकणं अशक्य होतं? कुणी प्रयत्नही केला नाही.

तुम्ही चांदणीवरून भांडताय. आमच्याकडे चांदणी काढायला वर्षच नाही. फळ्यावर २०२०च लिहिलेलं नाही.

पंट रोडचा वाघ:

हे मला सुचलंच नव्हतं. (रिचमंडच्या महिला संघाचं ते पहिलंच वर्ष, सहापैकी सहा हरल्या. त्यांच्यासाठी लीग थांबली हे उपकारच.)

आकडेमोड:

जांभळी, तुमच्या बाबतीत मी चांदणीसकट विजेतेपद द्यायला तयार आहे. आणि यामुळे माझा मुद्दा उलट पक्का होतो. तडजोड केली तर विजेता मान्य, पण तडजोड झाली हे लिहून ठेवा. लीगने एका गटाला तडजोड दिली, दुसऱ्याला दिली नाही. फळ्यावर खूण नसेल तर दहा वर्षांनी हे कुणाला कळणार?

गिलाँगकर:

मग २०२१लाही खूण करा. तेव्हाही मेलबर्न लॉकडाऊनमध्ये, अंतिम सामना पर्थला. मेलबर्न क्लब ५७ वर्षांनी जिंकला आणि त्यांचे म्हातारे समर्थक घरात टीव्हीसमोर. त्या लोकांना जाऊन सांगा की तुमच्या वर्षावर चांदणी आहे. मी येतो सोबत, लांबून बघायला.

रात्रपाळी:

एक सांगायचं राहिलं. २४ ऑक्टोबरला माझी पाळी होती. आमच्याकडचे एक आजोबा पिवळा-काळा मफलर गळ्यात घालून संध्याकाळपासून तयार. मी गाऊन, ढाल, हातमोजे अशा अवतारात. मार्टिनने चौथा गोल मारला तेव्हा ते इतके ओरडले की मला वाटलं धाप लागली, मी ऑक्सिमीटर घेऊन धावले. ९७ होता. त्यांच्या मुलीला मार्चपासून नीट भेटता आलं नव्हतं, तिने बाहेरून खिडकीवर हात टेकवले होते, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की ती टीममधली मंडळी तिकडे बायकापोरांना कवेत घेतायत.

माझं मत बदललेलं नाही. फक्त तो ९७ आकडा मला अजून लक्षात आहे.

साताऱ्याची शेंग:

एक बाळबोध प्रश्न. ती पहिली ३६-३६ बरोबरी, तिचे गुण कसे वाटले?

पंट रोडचा वाघ:

विजयाला ४, बरोबरीला दोघांना २-२. आम्ही साखळीत ५० गुणांवर तिसरे आलो, गिलाँग ४८वर चौथे.

गिलाँगकर:

थांबा. म्हणजे तो रिकाम्या मैदानातला, तुम्ही भांडी घासायला उठलात तो सामना बरोबरीत सुटला म्हणून तुम्ही आमच्या वर?

पंट रोडचा वाघ:

हो.

गिलाँगकर:

आकडेमोड, तो लाल मार्कर कुठे मिळतो?