मुलांना शाळेतून काढून घरी शिकवणं: शहाणपण की हौस? (आमचे पहिले सहा आठवडे)

वडगावची आई

बेळगावातून लिहितेय, थेट विषयावर येते. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. थोरली सात वर्षांची, दुसरीत गेली असती. धाकट्याला पाच पूर्ण झालीत, यूकेजीत घालायचा होता. ज्यांना होमस्कूलिंग हा शब्द जड वाटतो त्यांनी घरशाळा म्हणावं. सासूबाई 'हिनं पोरं घरात बसवलीत' म्हणतात, तेही चालेल.

थोरली इंग्रजी माध्यमात होती. सव्वासातला व्हॅन. रोज सकाळी पोटात दुखायचं, रविवारी कधीच नाही. वर्गात मराठीत बोललं की दहा रुपये दंड होता. पहिलीच्या पोरीला! ती एक दिवस माझ्याकडे निघतानाच दहा रुपये मागायला लागली. कशाला, विचारलं तर म्हणाली, "आज मला मैत्रिणीला मांजराची गोष्ट सांगायची आहे." त्या दिवशी पैसे दिले मी. आणि दुपारभर मशीनवर बसून एकही ब्लाऊज पुरा झाला नाही माझ्या हातून.

पहिला आठवडा सांगते, हसायचं तर हसा. गणपत गल्लीतून फळा आणला, वेळापत्रक लावलं, देवघरातली घंटा तास बदलायला घेतली. बुधवारपर्यंत टिकलं. थोरली म्हणाली, "आई, तू बाईंचा आवाज काढू नको." दुसऱ्या आठवड्यात मी काहीच शिकवलं नाही. पाऊस असा की अंगणात जाता येईना. दोघं घरात शाळा-शाळा खेळायची, आणि खेळात थोरली धाकट्याच्या हातावर पट्टी मारायची. रोज तोच खेळ. तो आपोआप बंद झाला तिसऱ्या आठवड्यात. मी काही बोलले नव्हते.

मग गणित. तिला इंग्रजीत फॉर्टी सेव्हन येत होतं, पण 'सत्तेचाळीस' म्हटलं की 74 लिहायची. चूक तिची नाही हो. आपण बोलतो आधी सात, मग चाळीस, आणि लिहितो उलटं. एकोणपन्नास तर त्याहून वाईट, त्यात नऊही नाही आणि चाळीसही नाही. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक' छापलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मीही हसले होते. आता हसू येत नाही. गंमत पुढे आहे. दारावर येणारी भाजीवाली कन्नडमध्ये भाव सांगते. पोरीनं तिच्याकडून आकडे उचलले आणि मला सांगितलं, "आई, इप्पत्तोंदू म्हणजे वीस आणि एक! नलवत्तेळू म्हणजे चाळीस आणि सात. ह्यांचं सरळ आहे, आपलंच वाकडं." आता ती मराठी आकडा मनात कन्नड करून लिहिते आणि चुकत नाही.

मापं सासऱ्यांनी शिकवली. त्यांच्याकडे जुनं चिपटं, मापटं, शेर आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. जमिनीवर पोतं अंथरून दोघं तांदूळ भरतात, ओततात. पाच वर्षांच्या पोराला 'अर्धं' आणि 'पाव' तोंडी आलंय, वहीत एक ओळ न लिहिता. (तांदूळ सांडतात. सासूबाईंचा त्यावर वेगळा धागा निघेल.)

जे जमत नाही तेही सांगते. चार वाजेपर्यंत गल्लीत एक पोर नसतं, दोघं दाराशी उभी राहतात. माझं शिवणकाम निम्म्यावर आलंय. नवरा उद्यमबागेत कामाला, तो घरी येईतो साडेसात, म्हणजे शाळा म्हणजे मीच. आणि रात्री धास्ती वाटते की आपण हौसेपायी पोरांचं नुकसान करतोय का.

तुमचं काय मत? गोड बोलायची गरज नाही.

निवृत्त मास्तर

गोड बोलणार नाही. माझी सगळी नोकरी सीमाभागातल्या मराठी प्राथमिक शाळांत गेली. तुम्ही मनापासून करताय हे दिसतं. तरी चुकताय.

पहिली गोष्ट कायद्याची. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं कलम 10 सांगतं. तुमची थोरली त्यात बसते.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. ह्या भागात मराठी शाळा म्हणजे नुसती चार भिंती नव्हेत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून घटनेत 350 अ हे कलम आलं, 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं, म्हणजे आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात, गेला त्याच साली. पण कलम कागदावर राहतं, शाळा चालते पटावर. साठपर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक, त्याच्यावर गेली तर तिसरा. साठाची एकसष्ट झाली की एक माणूस वाढतो, एकसष्टाची साठ झाली की जातो. मी दर मे महिन्यात दारोदार फिरलोय एकसष्टाव्या पोरासाठी. आणि सुशिक्षित मराठी घरातली आई म्हणते, माझी दोन मी घरी ठेवते.

कॉलेज रोडवाला

सहा आठवड्यांत अनुभवकथन? लग्नाला दीड महिना झालेली माणसं संसारावर सल्ला देतात, त्यातला प्रकार.

खानापूरची सून

ताई, राग मानू नका. मी जंगलाकडच्या गावातली. आमच्यात पोरी पावसात चिखल तुडवत शाळेला जातात. जुलैत रोप लावणी सुरू झाली की निम्म्या पोरी वर्गातनं गायब होतात, कारण घरात धाकटं भावंडं सांभाळायला कोण तरी पाहिजे. शाळा म्हणजे तेवढंच एक कारण असतं पोरीला घराबाहेर पडायचं. 'शाळा आहे' म्हटलं की सासरा, बाप, चुलता कोण अडवत नाही. तुम्ही ते कारणच काढून टाकालाय.

1848 मध्ये पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेललं, ते पोरींना उंबऱ्याबाहेर काढायला. आणि आता शिकलेल्या बायका म्हणतात घरातच बरं. तुमच्या घरात तुम्ही चांगलं शिकवाल, मला खात्री आहे. पण उद्या आमच्या गावातला एखादा बाप म्हणेल, बघ, वडगावची लोकंसुद्धा पोरी घरात ठेवतात. त्याला चिपटं-मापटं दिसणार नाही, 'घरात' एवढंच दिसेल.

आणि शाळेत दुपारी जेवण असतं, दूध असतं. तुम्हाला ते नको असेल. आमच्याकडे काही पोरांचं पोट त्यावर आहे.

अजून एक. तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये नवरा एका ओळीत आला आणि साडेसातला घरी पोचला. घरशाळा म्हणजे आईची बिनपगारी नोकरी, हे कोण लिहीत नाही.

दहावी बाहेरून

दुसरी बाजू मांडतो, कारण आमच्या घरात हे झालंय.

मास्तर, कलम 10 आहे हे खरं. पण त्या कायद्यात पालकाला शिक्षा कुठेच लिहिलेली नाही. मान्यता नसलेली शाळा चालवणाऱ्याला दंड आहे, स्वतःच्या पोराला घरी शिकवणाऱ्याला नाही. त्याच कायद्याचं कलम 4 म्हणतं की शाळेबाहेर राहिलेलं मूल कधीही आलं तरी वयाप्रमाणे योग्य वर्गात घ्यायचं, मागं पडलं असेल तर वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं. म्हणजे परतीचा रस्ता बंद होत नाही.

पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आहे. 1989 पासून चालू. चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, विषय निवडता येतात, मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. माझा पुतण्या तसाच पास झाला, पुढे अकरावीला नेहमीच्या कॉलेजात गेला. ताई, एवढंच करा: शाळेतून टीसी नीट मागून घ्या आणि जपून ठेवा. आमची एका कारकुनाकडे पडून राहिली होती, त्यात चार महिने गेले.

आणि पहिले दोन-तीन महिने काही शिकवू नका. पट्टी मारायचा खेळ थांबला, तीच तुमची पहिली परीक्षा होती.

निपाणीकर

सगळे मराठी-मराठी करताय, मी वेगळं बोलतो. मी मराठी माध्यमातून शिकलो आणि कन्नडमुळे नोकरीत तीनदा तोंडावर पडलो. समोर आलेलं पत्र वाचता येईना, मग शिपायाकडून वाचून घ्यायचो. शिपाई भला माणूस होता म्हणून निभावलं.

2015 मध्ये कर्नाटकनं कन्नड शिकवण्याचा कायदा केला, 2017-18 पासून पहिलीपासून वर्षावर्षानं चढत्या वर्गांना लागू होत गेला. आपल्याकडे त्याला विरोध झाला, तो राजकारणाचा भाग, त्यात मी पडत नाही. पण शाळेतलं पोर निदान पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकतं. घरातलं पोर कुणाकडून शिकणार? भाजीवालीकडून आकडे येतात, अर्ज लिहायला येत नाही. लिपी लवकर येते, क्रम आपलाच, अ आ इ ई. पण त्यांच्याकडे ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ दोन-दोन आहेत, देवनागरीतून शिकलात तर ते कानाला कधीच कळत नाहीत. ह्याला शिकलेला माणूस लागतो. राहायचं इथं, बसची पाटी वाचायची इथं, सातबाऱ्याला इथं 'पहाणी' म्हणतात. आई मराठी आणि बाजार कन्नड, हे आपलं नशीब आहे, त्यात पोरांना लंगडं ठेवू नका.

वडगावची आई

खानापूरच्या ताई, तुमचं वाचून मी मोबाइल ठेवून दिला आणि संध्याकाळी परत उघडला. नवऱ्याला ती एक ओळ वाचून दाखवली. रविवारचा दिवस त्याचा, असं ठरलंय. (ठरलंय. होतंय का ते बघू.) पोरी घरात ठेवण्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

निपाणीकर, पटलं. शेजारच्या गल्लीत एक कन्नड टीचर शिकवणी घेतात, सोमवारपासून पाठवते.

मास्तर, तुमच्या पटाचा हिशोब मात्र मला लागू होत नाही. माझी पोर इंग्रजी शाळेत होती. मी मराठी शाळेतलं एकही पोर कमी केलेलं नाही.

निवृत्त मास्तर

ताई, तोच तर राग आहे. तुमची पोर आमच्या पटावर कधी आलीच नव्हती.

आता सरळ विचारतो. तुम्ही घरी मराठीतून शिकवताय. मराठीत बोललं म्हणून दंड नको होता, तो मराठी शाळेत नाही. व्हॅन नको होती, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असणार. खेळत, गटात बसून शिकणं म्हणाल तर सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला 'नली-कली' त्यासाठीच आणली. तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक दुखण्यावर औषध गल्लीच्या तोंडाशी होतं. इंग्रजी शाळेतून निघून थेट घरी कशा आलात? मधली पायरी दिसली नाही?

वडगावची आई

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहायचं नव्हतं.

पहिलं उत्तर सुचलं ते हे: आमच्या जवळच्या मराठी शाळेत पाच वर्गांना दोनच शिक्षक, त्यातला एक कायम कुठल्या तरी सर्व्हेत नाही तर मीटिंगमध्ये. हे खरं आहे. पण मी स्वतः दोन पोरांना एकटी शिकवते, मध्ये शिलाई करते, कुकर लावते. मग ते कारण मी कुठल्या तोंडानं सांगू?

खरं हे आहे की मी त्या शाळेत एकदाही पाऊल टाकलं नाही. 'मुलांना घरी शिकवतो' म्हटलं की लोक थांबून विचारतात, काहीतरी वेगळं करतायत म्हणतात. 'सरकारी मराठी शाळेत घातलंय' म्हटलं की विचारतात, घरी काही अडचण आहे का? माझी भावजय हेच विचारेल, आणि मला ते नको होतं. मी स्वतः त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले, मास्तर.

म्हणून लगेच घालणार असं नाही. पोर आत्ता कुठे सकाळी हसत उठतेय. दसऱ्यापर्यंत घरीच. पण येत्या शनिवारी दोघांना घेऊन शाळा बघून येते.

कॉलेज रोडवाला

माझा वरचा शेरा मागे घेतो. अर्धा.

निवृत्त मास्तर

शनिवारी शाळा सकाळची असते. आठच्या आत जा. प्रार्थनेला जा, म्हणजे पोरं किती आहेत ते स्वतः मोजता येईल. आणि थोरलीला मोजू द्या. मराठीत मोजली काय, कन्नडमध्ये मोजली काय, आकडा तोच निघतो, दुर्दैवानं.

खानापूरची सून

ताई, ते चिपटं-मापटं अजून मिळतंय काय कुठं? आमची मोडीत गेली.

वडगावची आई

विकत माहीत नाही हो. आमचं सासऱ्यांच्या वडिलांचं, लाकडी. शेराला एक चीर गेलीय, धाकटा म्हणतो म्हणून त्याचा शेर थोडा कमी भरतो.