सामू ७ ला सगळेच रंग पालटत नाहीत

कुणीतरी म्हटलंय की दर्शक (आम्ल की आम्लारी हे रंगाने दाखवणारा पदार्थ) सामू ७ ओलांडला की रंग बदलतो; सामू म्हणजे pH, ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी. लिटमसपुरतं हे ढोबळमानाने ठीक, पण बाकीच्यांचं तसं नाही. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ च्या दरम्यानच लालचा पिवळा होतो, म्हणजे द्रावण अजून चांगलंच आम्लधर्मी असताना. फिनॉल्फ्थॅलिन मात्र साधारण ८.२ पर्यंत ढिम्म रंगहीन, मग गुलाबी.

कारण दर्शक हा स्वतःच एक दुबळं आम्ल असतो (बहुतेक वेळा). आम्लारीत त्याचा प्रोटॉन निघून जातो, रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि तो वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो. प्रोटॉन किती सहज सुटतो त्यावर सामूची पट्टी ठरते.

बारावीच्या प्रॅक्टिकलला फिनॉल्फ्थॅलिन घातलेल्या आम्लात मी ब्युरेटमधून (थेंब मोजून सोडायच्या काचनळीतून) आम्लारीचा एक थेंब जास्त सोडला आणि फ्लास्कमध्ये फिकट गुलाबीऐवजी भडक राणी कलर! आमच्या दादरच्या लॅबमधल्या मॅडम नुसत्या बघत राहिल्या. बरं, फिकट गुलाबी नेमका आला तरी थोड्या वेळाने उडतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू खाली येतो. रंग गेला म्हणून पुन्हा थेंब टाकत बसू नका.

घरी बघायचं तर हळदही दर्शकच; तिच्या डागाला साबण लावा, लालसर होतो. हळदीत चुना घालून कुंकू करायचे, तेही हेच. त्या लाल डागावर लिंबू पिळलं की परत पिवळा. डाग जात नाही तो नाहीच.