नवी प्रिल्यूड: गिअरच नसलेली कूपे घ्यावी का?

निशिकासाईकर

नमस्कार मंडळी. प्रश्न आधी टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं पुराण वाचायला नको. होंडाची नवी प्रिल्यूड (दोन दारांची स्पोर्टी गाडी, म्हणजे कूपे) घ्यावी का? इथे जपानात किंमत ६१ लाख ७९ हजार ८०० येन. हायब्रिड आहे, पुढची चाकं गाडी ओढतात, मॅन्युअल मिळत नाही. मिळत नाही म्हणजे काय, त्यात गिअरबॉक्सच नाही.

आता पुराण. मी मूळ साताऱ्याचा, २००८ पासून तोक्योत. ऑफिसात एक वरिष्ठ होते (आता निवृत्त झालेत), त्यांच्या नावापुढे मी इथल्या रीतीप्रमाणे आदरार्थी 'सान' लावतो, पण मनात काकाच म्हणतो. १९८७ साली तिसऱ्या पिढीची प्रिल्यूड आली तेव्हा काका पंचविशीत. पहिला बोनस थेट तिच्या डाउन पेमेंटला गेला. मागचीही चाकं वळवणारी ती गाडी. स्टेअरिंग थोडं फिरवलं तर मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेला वळायची, जास्त फिरवलं की उलट दिशेला. आणि हे सगळं निव्वळ दांडे आणि दात्यांवर, कॉम्प्युटर नाही. काका अजूनही हाताने हवेत करून दाखवतात, चहाचा कप बाजूला सरकवून.

त्या गाडीला इथे 'डेट कार' म्हणायचे. का म्हणायचे, तर बाजूच्या सीटची पाठ मागे पाडायचा लिव्हर ड्रायव्हरच्या हाताला येईल असाही दिलेला असायचा. काका हे सांगताना काकू समोर असतील तर विषय बदलतात.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं मोबिलिटी शोला, म्हणजे इथल्या गाड्यांच्या प्रदर्शनाला, गेलो होतो. शिन-किबाहून रिंकाई लाइन धरून बिग साइटला. होंडाच्या स्टॉलवर पांढरी प्रिल्यूड कॉन्सेप्ट ठेवलेली, भोवती चार-पाच रांगा माणसं. २००१ मध्ये बंद पडलेलं नाव बावीस वर्षांनी परत. मला आवडली ती तिची पाठ, मागे सपाट होत गेलेली काच आणि आडवा लाल दिवा. पुढून मात्र बाजूचा एक मुलगा जे बोलला तेच माझ्याही मनात आलं होतं: 'प्रिअसच की!' (टोयोटाची हायब्रिड हो.)

काका काही बोलेनात. काचा काळ्या, आतलं काही दिसत नव्हतं, तरी वाकून डोळ्यांवर हात धरून बघत होते. म्हटलं काय शोधताय? म्हणाले, लिव्हर.

आता गाडी खरीच रस्त्यावर आली आहे, ५ सप्टेंबर २०२५ पासून. होंडाने महिन्याला ३०० विकायचं धरलं होतं, पहिल्याच महिन्यात साधारण २,४०० मागण्या आल्या. म्हणजे फार विचार करत बसायला वेळ नाही. माझं वय ४८, सध्या होंडाचीच एक म्हातारी 'फिट' गाडी आहे, मुलगा कॉलेजात गेला. बायकोचं म्हणणं 'घ्यायची तर घ्या, पण मला त्यातलं काही समजावून सांगू नका.' म्हणून इथे आलो.

रेडलाइन_रम्या

६२ लाख येनात गिअर नाही आणि २०० हॉर्सपॉवर. अहो, टोयोटाची जीआर ८६ याच्या निम्म्या किमतीपासून सुरू होते. मागची चाकं ढकलतात, २.४ चं इंजिन, हाताने टाकायचे सहा गिअर. होंडाचीच सिव्हिक टाइप आर २०२२ मध्ये पन्नास लाख येनाच्या आत आली होती. हायब्रिड कूपे म्हणजे उपासाची मिसळ. (खाणाऱ्यांनी रागावू नये, मीही खातो.)

चाकण_शिफ्ट

रम्याभाऊ, उपासाची मिसळ आमच्या घरी दर चतुर्थीला संपते, तेव्हा जपून.

निशिकासाईकर, तुम्ही 'गिअरबॉक्सच नाही' लिहिलंत ते बरोबर आहे, आणि सगळा वाद तिथेच आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. माझं काम याच क्षेत्रातलं, पण होंडाशी संबंध नाही.

दोन लिटरचं अ‍ॅटकिन्सन (ताकदीपेक्षा पेट्रोल वाचवण्याकडे कल असलेलं) इंजिन आणि दोन मोटरी. एक मोटर इंजिनाला जोडलेली, तिचं काम वीज बनवणं. दुसरी चाकांना जोडलेली, गाडी पळवते ती हीच. गावात इंजिन एकतर बंद असतं नाहीतर नुसतं जनरेटर फिरवत असतं. हायवेला एकसारख्या वेगात गेलात की एक क्लच बसतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. तो एकच ठरलेला गिअर, बस. बदलायला दुसरा गिअर नाहीच, तर मॅन्युअल देणार कुठून? होंडाने कंजूषपणा केला म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. त्या यंत्रात दांडा घालायला जागाच नाही.

मग या गाडीत बटण दाबून लागणारं 'एस प्लस शिफ्ट' काय आहे? ते नाटक आहे. आठ गिअर असल्याचं नाटक. पॅडल ओढलं की इंजिनाचा वेग वर-खाली केला जातो, चाकांचा जोर क्षणभर तोडून पुन्हा दिला जातो, स्पीकरमधून आवाज वाढवला जातो. वळणाआधी ब्रेक मारलात तर स्वतःहून खालच्या 'गिअर'वर येऊन इंजिन गुरगुरतं. पण नाटक म्हणजे वाईट असं कोण म्हणालं? आपण मराठी माणसं आहोत.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. पुढचं सस्पेन्शन टाइप आरचं घेतलं आहे. साध्या स्ट्रटमध्ये (चाक धरणारा स्प्रिंग-शॉकचा उभा दांडा) चाक वळताना सगळा स्ट्रटच वळतो. इथे वळणारा भाग वेगळा काढला आहे, त्यामुळे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो चाकाच्या मध्याजवळ आणता येतो. परिणाम असा की जोरात पिकअप घेतला तरी स्टेअरिंग हातातून एका बाजूला ओढत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या आणि मोटरचा ३१५ न्यूटन मीटर टॉर्क एका झटक्यात देणाऱ्या गाडीला याची गरज आहेच. ब्रेकही तिथलेच, ब्रेम्बोचे. किंमत कुठे गेली विचारत असाल तर बरीचशी या खालच्या लोखंडात गेली आहे. बाहेरून दिसत नाही, एवढंच.

एडिसनचा_बंड्या

वाचून बसवेना म्हणून इतक्या वर्षांनी लॉगिन केलं, पासवर्ड तीनदा चुकला.

माझ्याकडे होती हो! पाचव्या पिढीची, १९९९ चं मॉडेल, एसएच. २००५ मध्ये न्यू जर्सीत सेकंडहँड घेतली, गडद हिरवी. एसएच फक्त मॅन्युअलमध्येच यायची. तिच्या पुढच्या भागात एक वेगळीच पेटी होती, वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त जोर देणारी. भारतातून नवीन आलेल्या मित्रांना मी हायवेच्या गोल रॅम्पवर बसवून न्यायचो. त्यातला एक जण अजून माझ्या गाडीत मागेच बसतो.

आणि गंमत बघा. माझ्या १९९९ च्या गाडीचे कागदोपत्री हॉर्सपॉवर किती? २००. नवीचे किती? २००. पाव शतक गेलं, आकडा जागचा हलला नाही! इथे अमेरिकेतल्या मंडळींनी यावरून होंडाला धू धू धुतलं आहे. त्यात इथली किंमत ४२ हजार डॉलरपासून.

पण मी प्रामाणिकपणे सांगतो, त्या जुन्या २०० मधले खालचे निम्मे मला कधी भेटलेच नाहीत. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा ५ हजारांच्या वर जाऊन व्हीटेक (वरच्या फेऱ्यांना झडपा जास्त उघडणारी होंडाची करामत) लागला की मग ती गाडी. तोवर साधी, गुणी, ऑफिसला जाणारी पोर. टॉर्क होता १५६ पौंड-फूट. नवीचा आहे २३२, आणि तोही सिग्नल सुटल्यासुटल्या. त्यामुळे २०० म्हणजे २०० हे गणित शाळेतलं झालं.

तरी मी घेणार नाही. पंचेचाळीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून डावा गुडघा दुखायचा, आणि तो गुडघा दुखणं हीच माझी त्या गाडीची आठवण आहे. ती वस्तू नवीत नाही. २००९ मध्ये विकली. दोन दारांच्या गाडीत मागे वाकून बाळाची सीट बसवताना कंबर धरली आणि बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर चर्चा झाली नाही. घेणारा कॉलेजचा पोरगा होता. त्याने गाडी वळवून नेली तेव्हा मी कचऱ्याचे डबे उगाचच आत-बाहेर करत होतो.

केतकी_नाशिक

मला स्पोर्ट्स कारमधलं काही कळत नाही, पण हेच दोन मोटरींचं तंत्र (इंजिन दीड लिटरचं) होंडाने २०२२ मध्ये आपल्याकडे सिटी हायब्रिडमध्ये आणलं आणि आमच्या घरी ती गाडी आहे. नाशिक-मुंबई महिन्यातून दोनदा होतं. प्रिल्यूड आपल्याकडे कधी आलीच नाही, त्यामुळे इथल्या कुणाला अंदाज घ्यायचा असेल तर सिटी चालवून बघा.

गावात इतकी शांत की पार्किंगमध्ये लोक दचकतात. कसारा घाट चढताना मात्र आपण पाय जेवढा दाबतो त्याचा आणि इंजिनाच्या आवाजाचा काही मेळ नसतो. गाडी आरामात चढत असते, पण कानांना वाटतं शेजारच्या घरात मिक्सर लावलाय. चाकण_शिफ्ट यांनी ते नाटकाचं लिहिलं तेव्हा उलगडा झाला. मेळ बसवण्यासाठीच ते नाटक असणार ना? तसं असेल तर मला हवं आहे ते.

चाकण_शिफ्ट

केतकीताई, अगदी तेच! मी चार परिच्छेद खर्च केले, तुम्ही मिक्सरमध्ये संपवलंत.

रेडलाइन_रम्या

म्हणजे मिक्सरचा आवाज लपवायला ६२ लाख येन. जय हो.

(बंड्याभाऊ, कचऱ्याच्या डब्यांचं वाचून गप्प झालो होतो. पण मत बदललेलं नाही.)

निशिकासाईकर

सर्वांचे आभार. काल शनिवारी टेस्ट ड्राइव्ह झाली, काकांना घेऊन गेलो होतो. वृत्तान्त देतो.

आधी बसण्याबद्दल. ड्रायव्हरची सीट कडेने घट्ट धरते, बाजूची मुद्दाम मऊ आणि मोकळी केली आहे. दोन्ही सीट वेगवेगळ्या. सेल्समनने हे फार अभिमानाने सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि मराठीत सांगायचं तर 'आमच्या वेळेपासून तसंच आहे' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटले. लिव्हरचं विचारायची हिंमत दोघांचीही झाली नाही, सेल्समन फारच कोवळा होता.

पहिली दहा मिनिटं मी ते एस प्लसचं बटण दाबलंच नाही. गाडी इतकी अलगद जाते की होंडावाले हिच्या बाबतीत सारखं ग्लायडरचं नाव का घेतात ते कळलं. मग खाडीलगतच्या रस्त्याला लागलो आणि एस प्लस दाबलं. पुढे सिग्नल लाल झाला, मी ब्रेकवर पाय ठेवला, गाडीने स्वतःच खाली खाली गिअर टाकले. म्हणजे टाकल्यासारखं केलं. प्रत्येक वेळी इंजिन गुरगुरलं, डोक्याला तो ओळखीचा हलका झोल बसला. आता गंमत सांगतो. माझा डावा पाय आपोआप उचलला गेला आणि नसलेल्या क्लचवर आपटला. एकवीस वर्षांचा असताना वडिलांच्या पद्मिनीवर शिकलो, तेव्हाचा पाय तो. त्या पद्मिनीचा गिअरही स्टेअरिंगच्याच दांड्याला होता, तेव्हा पॅडलबद्दल माझी तरी तक्रार नाही.

रम्याभाऊ, तुमचं सगळं खरं आहे. जीआर ८६ मी दोन वर्षांपूर्वी भाड्याने घेऊन हाकोनेला नेली होती. छान गाडी. बायको परत येताना ओदावाराहून ट्रेनने आली.

काका चालवायला बसले नाहीत. बाजूच्या सीटवरच बसले, खिडकीबाहेर बघत. परतताना फक्त एवढंच विचारलं की मागची चाकं वळतात का. नाही म्हटल्यावर 'हं' म्हणाले. ते 'हं' कसं घ्यायचं हे मला सतरा वर्षांत कळलेलं नाही.

तर घ्यायची असं रात्री ठरलं. आणि आज सकाळी वेगळाच घोळ निघाला.

इथे गाडी नावावर करायच्या आधी ती ठेवायला जागा आहे याचा दाखला पोलिसांकडून लागतो, त्याला शाको शोमेई म्हणतात. आमच्या इमारतीत यांत्रिक पार्किंग आहे, गाडी लोखंडी पाळण्यात चढवायची आणि पाळणा वर जातो. त्याच्या खांबावर एक गंजकी पाटी आहे, जी फिटसाठी मला कधी वाचावी लागली नव्हती. लांबी ५,०००. उंची १,५५०. रुंदी १,८५०.

प्रिल्यूडची रुंदी १,८८० मिलिमीटर.

टेप घेऊन खाली जाऊन आलो. पाटी बरोबर आहे. बायको वरून गॅलरीतून विचारत होती, काय हरवलं?

केतकी_नाशिक

अरे देवा! तीन सेंटीमीटर!! आरसे दुमडून?

निशिकासाईकर

१,८८० हे आरसे न धरताच आहे ताई.

एडिसनचा_बंड्या

निशिकासाईकर, इकडे या. ड्राइव्हवेत चार मावतील. गुडघ्याचा डॉक्टरही ओळखीचा आहे.

निशिकासाईकर

बंड्याभाऊ, आमंत्रण जपून ठेवलं आहे.

ताजी खबर: स्टेशनच्या पलीकडे एक उघडी जागा आहे, पाळणा-बिळणा नाही, जमिनीवर पांढरे पट्टे. महिन्याला २२ हजार येन. सगळ्या भरलेल्या, पण एजंट म्हणाला एक आजोबा गाडी चालवणं सोडताहेत. मी संध्याकाळी जाऊन बघून आलो. टोयोटाची जुनी पांढरी क्राउन, धुऊन पुसून लख्ख. आजोबा तिथेच होते, काच पुसत. मार्चमध्ये गाडीच्या सक्तीच्या तपासणीची मुदत संपते, तोवर ठेवणार म्हणाले. मग मला विचारलं, तुझी कुठली येणार आहे? सांगितलं. हातातलं फडकं थांबलं आणि म्हणाले, वळवून दाखव हं मला.