कॅन्सरचा प्रकार बदलतो तेव्हा: रूपांतर, उत्परिवर्तन की संक्रमण?

प्रश्न:
रुग्णांच्या नातेवाइकांसाठी फुप्फुसाच्या कॅन्सरवर माहितीपत्रक लिहिते आहे. अ‍ॅडेनोकार्सिनोमा या प्रकाराच्या रुग्णात ईजीएफआर या, पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या जनुकातला बदल सापडला की त्यावरची गोळी सुरू होते. गाठ आक्रसते, बरेच महिने चांगले जातात. मग गाठ पुन्हा वाढते आणि काही जणांत तिचा तुकडा तपासला, तर स्मॉल सेल कॅन्सर हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा वेगळाच प्रकार निघतो. या बदलाला काय म्हणावं? ‘संक्रमण’ चालेल का?

प्रतिसाद १:
‘संक्रमण’ कृपया नको. मराठीत त्याचा अर्थ एका स्थितीतून दुसरीत जाणं हाच आहे, पण हिंदीच्या वापरामुळे आता पुष्कळांना त्यात ‘लागण’ ऐकू येते. कॅन्सर झालेल्याचं ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरं अजून आहेत. त्यांच्या हाती हा शब्द देऊ नये. शाळेच्या पुस्तकातला ‘उत्परिवर्तन’ कसा वाटतो?

प्रतिसाद २:
मी पॅथॉलॉजीत काम करते. ‘उत्परिवर्तन’ म्हणजे जनुकातला बदल, आणि इथे तर मूळचं उत्परिवर्तन तसंच राहतं! बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०११ साली, गोळी लागू पडेनाशी झालेल्या ३७ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५ जणांत स्मॉल सेल दिसला, आणि त्या पाचही जणांत ईजीएफआरमधला जुना बदल कायम होता. म्हणजे पेशी त्याच वंशातल्या. आरबी१ आणि टीपी५३ ही दोन रक्षक जनुकं निकामी झालेल्या गाठींत हा धोका जास्त असतो. नव्या रूपातल्या पेशी ईजीएफआरच्या आधारावर जगत नाहीत, म्हणून गोळी त्यांना रोखू शकत नाही. मग प्लॅटिनम आणि इटोपोसाइडची केमो द्यावी लागते.

बदलतं ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं रूप. माझं मत ‘रूपांतर’.

प्रतिसाद ३:
अनुमोदन. समासातही तेच आहे: देशांतर म्हणजे दुसरा देश, तसं रूपांतर म्हणजे दुसरं रूप. ‘स्थित्यंतर’ समाजाच्या, काळाच्या संदर्भात शोभतो, गाठीला नाही.

प्रतिसाद २:
आणखी दोन शब्दप्रयोग पत्रकात टाळा. ‘दुसरा कॅन्सर झाला’ म्हटलं की वेगळाच आजार जडला असं वाटतं. ‘पसरला’ हे जागेबद्दल आहे. यकृतात पोचलेला फुप्फुसाचा कॅन्सर फुप्फुसाचाच राहतो. नातेवाईक फार कळवळून विचारतात, “म्हणजे पहिला रिपोर्ट चुकला होता का?” बहुतेक वेळा तो बरोबरच असतो, हे पत्रकात ठळक लिहा. पुन्हा तुकडा का काढायचा, हेही लिहा. रक्तातल्या डीएनएच्या तपासणीत जनुकांतले बदल सापडतात, पेशीचं रूप पाहायला पेशीच लागतात. एवढ्या तपासण्यांनी थकलेल्या माणसाला पुन्हा सुई टोचून घ्या म्हणताना कारण नीट सांगायलाच हवं.

प्रश्नकर्ती:
मग वाक्य असं ठेवते: ‘उपचार चालू असताना काही रुग्णांत अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे स्मॉल सेल कॅन्सरमध्ये रूपांतर होते. आधीचे निदान चुकले होते असा याचा अर्थ नाही. आता औषध बदलावे लागते.’ ‘लघुपेशी’ लिहू का?

प्रतिसाद १:
‘स्मॉल सेल’च ठेवा. हातातल्या रिपोर्टवर तेच छापलेलं असतं.