पॉल एर्लिक जन्मभर नेमकं करत काय होते?

संत्राबाग_वरूड: बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. वर्गात अमेरिकन जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिकचं नाव निघालं. 1968 च्या ‘पॉप्युलेशन बॉम्ब’ या पुस्तकात त्यांनी लिहून ठेवलं की सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक भुकेनं मरतील. तसं काही झालं नाही. मग हे शास्त्रज्ञ कसले? बाबा म्हणतात, असं भविष्य तर बाजारातला पोपटवालाही सांगते.

धुऱ्यावरचा_मास्तर: पोरा, आधी धुऱ्यावरच्या रुईची पानं उलटून पाह्य. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडेल. रुईचा चीक बाकीच्यांना विष, ही तोच खाते आणि स्वतः विषारी होते, म्हणून पाखरं तिच्या वाटेला जात नाहीत. झाड विष करते, किडा त्यावर तोड काढते, झाड आणखी काही नवं करते. ही चढाओढ एर्लिक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर रेव्हन यांनी 1964 मध्ये फुलपाखरांवरून मांडली. माझ्या लेखी तो माणूस त्यासाठी मोठा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाजवळ जॅस्पर रिजवर एकाच जातीची फुलपाखरं किती दशकं मोजत बसला! रोपटी लवकर वाळली की अळ्या उपाशी मरायच्या. शेवटी तिथली फुलपाखरंच संपली.

माणसाच्या बाबतीत मात्र हिशोब चुकला. आपल्याकडं जास्त पिकणारा ठेंगणा गहू आला. 1980 ला अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमनशी पैज लावली की पाच धातू महागतील. दहा वर्षांत महागाई वजा जाता ते स्वस्त झाले, 576 डॉलरचा चेक धाडावा लागला.

पण सहकारी होल्ड्रेनसोबतचं सूत्र बघ: निसर्गावरचा भार म्हणजे माणसं गुणिले वापर गुणिले तंत्र. माझ्या विहिरीला 1988 साली 40 फुटांवर पाणी होतं. आता बोअर 800 फूट, अन् उन्हाळ्यात नुसती हवा फेकते. गावात माणसं होती तेवढीच आहेत बाप्पा, पाणी उपसायच्या मोटारी वाढल्या.

अंगणवाडी_ताई: मास्तर, लोकसंख्येच्या त्या धास्तीची किंमत कोणी मोजली तेही लिहा की. 1976 ला माझ्या सासऱ्यांना बाजाराच्या दिवशी धरून नसबंदीच्या शिबिरात नेलं. आमचे मालक एकुलते राहिले ते त्यामुळं. आता 2019-21 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे मुलं, 1.7 आहे, अन् तो शिबिरांनी नाही, पोरी शिकल्या म्हणून. माझ्या रजिस्टरात यंदा नवी नावं अकरा. शाळेतले गुरुजी पटाची काळजी करत फिरतात.

संत्राबाग_वरूड: ताई, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही.
सर, अळी सापडली. बरणीत ठेवली, रात्रीतून रुईची दोन पानं फस्त. सकाळी मुद्दाम संत्र्याचं पान टाकलं. दुपार झाली, अजून तोंड लावलं नाही. परत रुई आणायला चाललो.